स्पेसर जाड नको, पातळ बघा

प्रश्न असा आहे. पंचवीस वर्षं जुनी छोटी गाडी, चार नटांची चाकं. नवी अलॉय चाकं बसवल्यावर पुढची दोन्ही आतल्या बाजूने स्ट्रटला (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाला) घासायला लागली, म्हणून त्यांच्यामागे १० मिमीचे साधे सपाट स्पेसर सरकवले, म्हणजे चाक आणि हब (चाक ज्यावर बसतं तो फिरणारा भाग) यांच्यामध्ये बसणाऱ्या चकत्या. स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्यांचे दांडे, ज्यांवर नट बसतात) मूळचेच आहेत आणि नट आता पाच फेरे फिरून बसतो. ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. बॅलन्सिंग दोनदा झालं, फरक शून्य. आता विचारलंय की हे स्पेसर हलक्या प्रतीचे निघाले, तर २५ मिमीचे चांगले घ्यावेत का.

थरथरीकडे नंतर येतो. आधी त्या पाच फेऱ्यांचं बघू, आणि तोवर गाडी हलवू नका. ‘हळू चालवतो’ हा उपाय यात बसत नाही.

जपानी आणि कोरियन छोट्या गाड्यांचे स्टड बहुधा १२ मिमीचे असतात. टोयोटा, होंडा, ह्युंदाईला पिच १.५ मिमी, सुझुकी आणि निसानला १.२५. पिच म्हणजे एका फेऱ्यात नट जेवढा पुढे सरकतो ते अंतर. १.५ धरला तर तुमचे पाच फेरे म्हणजे साडेसात मिमी. नटाने निदान स्टडच्या जाडीइतके आटे धरलेले असावेत, हा आमच्या कामातला जुना हिशेब. १२ मिमीच्या स्टडला १२ मिमी, म्हणजे १.५ पिचला आठ फेरे आणि १.२५ ला जवळपास दहा. तुमच्याकडे पाच आहेत. मोजताना पाना वापरू नका. टोकाचा निमुळता भाग सोडून नट बोटांनी आट्यात धरवा आणि चाकावर टेकेपर्यंतचे फेरे मोजा.

कमी आट्यांनी नेमकं काय बिघडतं, तेही सांगतो. गाडीचं वजन स्टडवर लटकलेलं असतं असं बऱ्याच जणांना वाटतं. ते तसं नसतं. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण चाकाला हबवर दाबून धरतो. चाकाला जागेवर ठेवतं ते या दाबातून येणारं घर्षण. १०० न्यूटन-मीटरला आवळलेला कोरडा १२ मिमीचा नट ढोबळमानाने चार टनांचा दाब देतो. चार नटांचे सोळा टन. तो दाब शाबूत असेल तर स्टडला आडवा मार बसतच नाही. दाब उतरला की चाक हबवर प्रत्येक फेऱ्याला केसभर सरकतं, स्टड वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो. तार मागेपुढे वाकवून तोडतात तसाच एके दिवशी तुटतो. कमी आट्यांत हाच चार टनांचा ताण थोड्या जागेवर येतो, आटे हळूहळू चेपतात आणि दाब उतरायला लागतो. स्पेसर लावलेल्या गाडीचा स्टड तुटला की दोष स्पेसरच्या धातूला देतात, पण मी पाहिलेल्या तुटलेल्या स्टडच्या मुळाशी दरवेळी दाब उतरल्याचीच गोष्ट होती.

आता थरथर. हबच्या मध्यभागी एक गोल उंचवटा असतो, त्याला आम्ही हबची कडा म्हणतो. चाकाचं मधलं भोक तिच्यावर बसतं आणि चाक नेमकं केंद्रात येतं. छोट्या गाड्यांत ही कडा डिस्कच्या बाहेर आठ-दहा मिमी डोकावते, जुन्या गाडीत गंजून त्याहूनही कमी. तुमच्या १० मिमीच्या सपाट स्पेसरने ती अख्खी गिळली. आणखी एक गोष्ट तपासा. बाजारातल्या अलॉयचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमी, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालतं. तुमच्या गाडीची कडा ५४.१ किंवा ५६.१ ची असेल तर मधली फट भरायला प्लास्टिकची किंवा अॅल्युमिनियमची रिंग दिलेली असते. चाक काढून बघा, ती रिंग चाकातच असेल, पण तिच्या आत काहीच नसेल. हवेत लटकलेली. म्हणजे तुमचं चाक केंद्रात आणायचं काम चार नटांच्या उतारावर पडलंय, आणि एक नट जरा आधी आवळला गेला तरी चाक त्या बाजूला खेचलं जातं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक मशीनच्या शंकूवर बसतं, गाडीच्या हबवर नाही. तिथे ते बरोबरच दाखवणार.

शिकाऊ असताना अशाच एका थरथरीपायी माझे दोन दिवस गेले होते. बॅलन्सिंग तीनदा, टायर अदलाबदल, टाय रॉड तपासून झाला. शेवटी उस्ताद म्हणाले, ‘चाकाचं बॅलन्सिंग करतोस, चाक बसतं त्या जागेचं कोण करणार?’ डिस्क काढली तर हबवर स्टडच्या शेजारी नखाएवढा गंजाचा पापुद्रा घट्ट चिकटलेला. व्हर्नियरने मोजला, ०.२ मिमी. एवढ्याशाने काय होतंय, असं मला वाटलं. मग त्यांनी हिशेब मांडला: हबच्या तोंडाचा व्यास १३० मिमी, १४ इंची चाकाची रिम ३५६ मिमीची. एका कडेला ०.२ ची फट असली तर रिमवर ती अर्ध्या मिलिमीटरच्या वर जाते. वायर ब्रशने तो पापुद्रा काढला, चाक बसवलं, थरथर गेली.

म्हणून जुन्या गाडीला स्पेसर लावताना माझा निम्म्याहून जास्त वेळ स्पेसरवर जातच नाही, हबवर जातो. स्पेसर लावला की एका सांध्याचे दोन सांधे होतात, आणि प्रत्येक सांध्यात गंज, रंग, कचरा दबून बसायला जागा मिळते. आज आवळताना गंजाचा थर कडक वाटतो. शंभर किलोमीटरमध्ये त्याची भुकटी होते, ती निघून जाते, आणि तेवढा नट सैल. रंगाचंही तसंच. हौसेने पावडर कोटिंग केलेले स्पेसर येतात, त्यांच्या टेकणाऱ्या तोंडावर रंगाचा जाड थर दिसला तर मी ते परत करायला सांगतो.

पद्धत म्हणाल तर डिस्क किंवा ड्रम काढता येत असेल तर काढायचा, कारण गंज त्याच्या मागेही असतो. कारखान्यात जोडणी करताना ड्रम पडू नये म्हणून स्टडवर पातळ पत्र्याच्या क्लिपा अडकवतात. चाकाच्या मागे त्यांच्यासाठी खाचा असतात, सपाट स्पेसरला नसतात, त्यामुळे त्या क्लिपा निघाल्याच पाहिजेत. डिस्क धरणाऱ्या स्क्रूचं डोकं वर आलेलं नाही ना, हे बोटाने चाचपा. स्टडभोवती गंज गोल कड्यासारखा साठतो आणि ब्रश तिथे पोचत नाही. जुन्या पाइपाचा तुकडा घ्या, टोकाला पॉलिश पेपर चिकटवा आणि स्टडवर घालून फिरवा. घासायचं ते धातू उघडा दिसेपर्यंत, धातू खरवडेपर्यंत नाही. ग्राइंडरने हबचं तोंड ‘साफ’ करणाऱ्याला मी गाडीला हात लावू देत नाही, कारण त्याने केलेला खड्डा परत भरत नाही. शेवटी स्पेसर हबवर नुसता ठेवून बोटांनी चारी कडांवर आळीपाळीने दाबा. कुठेही डुगडुगला, टिक आवाज आला, तर अजून काहीतरी राहिलंय. डायल गेज (बारीक हेलकावा सुईवर दाखवणारं मापक) असेल तर स्पेसरच्या तोंडावर लावून हब फिरवा. ०.०५ मिमीच्या आत असेल तर मी खूश असतो, ०.१ च्या वर गेलं तर पुन्हा उघडतो.

गेज नसेल तर निदान स्पेसरची जाडी मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजा. ती चारही ठिकाणी सारखी नसेल तर तो स्पेसर नव्हे, पाचर आहे.

अॅल्युमिनियम आणि लोखंड ओलाव्यात एकमेकांना चिकटतात, म्हणून मधल्या कडेवर अँटी-सीझचा (धातू जखडू न देणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात फिरवतात. तो तेवढ्यावरच. टेकणाऱ्या तोंडांवर नाही, आट्यांवर तर मुळीच नाही. आट्यांना वंगण लागलं की त्याच टॉर्कला, म्हणजे आवळण्याच्या त्याच जोराला, स्टड कितीतरी जास्त ताणला जातो, आणि पाना मात्र तुम्हाला तोच आकडा दाखवत राहतो.

तर मग तुमच्या गाडीचं काय करायचं? २५ मिमीचा स्पेसर नको. आधी हे शोधा की तुम्हाला मुळात किती मिमी हवेत. चाक स्ट्रटला घासत होतं, पण किती? स्पेसर काढा, स्ट्रटवर घासल्याची खूण आहे तिथे मुलांच्या खेळातल्या मातीचा गोळा चिकटवा, चाक लावा, नट नुसते टेकवा, जॅकवरच हाताने चाक फिरवा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना न्या. मग चाक काढून माती किती दबली ते बघा. माझा अंदाज, तुम्हाला दोन-तीन मिमीच हवे होते आणि दुकानात १० मिमीचा मिळाला म्हणून तो बसला. तीन-चार मिमीची मोकळी जागा मिळाली तर पुरते. टायरची फुगीर बाजू जवळ असेल तर थोडी जास्त ठेवा.

आता ५ मिमीचा स्पेसर धरून हिशेब करू. पाच मिमी कमी झाले म्हणजे नटाला सव्वातीन फेरे परत मिळाले. पाच आणि सव्वातीन, सव्वाआठ. १.५ पिचच्या मूळ स्टडवर काम बसलं. हबची कडाही तीन-चार मिमी बाहेर राहील आणि ती रिंग पुन्हा कडेवर येईल. एवढ्यात घासणं थांबत असेल तर इथेच थांबा. पिच १.२५ असेल तर मात्र पाच मिमी परत मिळूनही एकूण नऊ फेरेच होतात. तिथे स्टड बदलायलाच हवेत.

आणि १० मिमी खरोखरच हवे असतील तर दोन गोष्टी एकदम कराव्या लागतील: लांब स्टड, आणि स्वतःची कडा असलेला स्पेसर, जो आतून तुमच्या हबला आणि बाहेरून चाकाच्या भोकाला नेमका बसतो. लेथवर कातून घेता येतो, पण मापं स्वतः व्हर्नियरने घ्या. ‘याच मॉडेलचा आहे’ यावर जाऊ नका. आणि नटवर्तुळाचं, म्हणजे चारही नटांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचं मापही तपासा. फियाटचं चार नटांचं वर्तुळ ९८ मिमीचं, बाकी कित्येकांचं १००. दोन मिमीचा फरक. नट तिरके घुसून बसतातही, आणि तिथेच घात होतो. म्हणूनच एकाच चकतीत दोन-तीन वर्तुळांसाठी लांबट भोकं पाडलेले ‘सगळ्यांना चालणारे’ स्पेसर मी वापरत नाही. तुम्ही लावलेले तसलेच आहेत का, बघा.

स्टड बदलताना घाई सगळ्यात महागात पडते. स्टडच्या मुळाशी उभ्या रेघांची नर्लिंग असते, ती हबच्या भोकात रुतून बसते आणि स्टडला फिरू देत नाही. नवा स्टड घेताना लांबी आणि आटे सगळे बघतात, नर्लिंगचा व्यास कुणी बघत नाही. तो ०.२-०.३ मिमीने कमी असला तर स्टड बसतो, पण पुढे कधीतरी चाक काढताना नटाबरोबर गरागरा फिरतो, आणि मग नट कापून काढावा लागतो. हब काढून प्रेसवर बसवणं उत्तम. हब गाडीवरच असताना हातोडीने ठोकला तर प्रत्येक घाव बेअरिंगच्या गोळ्यांवर बसतो. नटाने ओढून बसवायचाच तर खाली वॉशरची चळत आणि एक टाकाऊ नट वापरा. चाकाचा नट त्यात खराब करू नका. स्टडचं डोकं मागून हबला सगळीकडून टेकलंय का ते आरशाने बघा. टेकलं नसेल तर पुढे गाडी चालताना टेकेल, आणि नट तेवढा सैल होईल.

ज्यांच्या गाडीला स्टड नाहीत, बोल्ट आहेत (जुन्या युरोपीय गाड्या), त्यांना बोल्ट स्पेसरच्या जाडीइतके लांब घ्यावे लागतात. नेमके तेवढेच. जास्त लांब बोल्ट हबच्या मागे निघतो आणि मागच्या ड्रममध्ये ब्रेकच्या शूजना घासतो. चाक लावल्यावर हाताने एक पूर्ण फेरा फिरवून कान द्या.

नटाचं बूडही बघून घ्या. साध्या अलॉयना ६० अंशांचा शंकू लागतो, होंडाच्या मूळ चाकांना गोल बुडाचे नट, टोयोटाच्या जुन्या अलॉयना सपाट वॉशरवाले. गोल खळग्यात शंकू घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो. आवळताना घट्टच लागतो, म्हणून कळत नाही.

आवळताना चाक हवेत असू द्या. चारही नट हाताने लावा, मग समोरासमोरचे आळीपाळीने हलके आवळत जा, म्हणजे चाक सरळ बसेल. मग टायर जमिनीला जेमतेम टेकेल इतकी गाडी खाली घ्या आणि टॉर्क पान्याने दोन टप्प्यांत पूर्ण आवळा, आधी निम्म्यावर, मग पूर्ण. आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तकातला. १२ मिमीच्या स्टडला तो बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. हवेच्या गनने आवळून वर टॉर्क पाना टेकवून ‘टक’ ऐकणं म्हणजे तपासणी नव्हे. गनने आधीच दीडशेला नेलेला नटही टकच म्हणतो.

पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर, चाकं गार असताना, पुन्हा टॉर्क पाना लावायचा. नट किंचित फिरला तर ठीक, नवे सांधे बसले. आणखी शंभर किलोमीटरनंतर परत बघा. तेव्हाही फिरला तर चाक उतरवून बघावंच लागेल, नुसतं आवळून पुढे जायचं नाही. नटाभोवती लालसर भुकटीच्या रेघा दिसणं ही दाब उतरल्याची खूण, आवाज येण्याच्या बरीच आधी दिसते.

२५ मिमीच्या स्पेसरला माझा नकार का, तेही सांगतो. त्या जाडीत ते बहुधा स्वतःचे स्टड असलेले येतात: हबला वेगळ्या नटांनी आवळायचे आणि वर चाक. नीट बनवलेले असतील तर मजबूत असतात, पण आतले नट चाकाच्या मागे लपतात. वर सांगितलेली फेरतपासणी करायला दरवेळी चाक उतरवायला हवं, आणि ते कुणीही करत नाही. शिवाय पुढच्या चाकांचं गणितही बदलतं. चाकाच्या मध्यरेषेपासून त्याच्या टेकणाऱ्या तोंडापर्यंतचं मिमीतलं अंतर म्हणजे ईटी. ईटी ३८ चं चाक २५ मिमीच्या स्पेसरने ईटी १३ चं होतं. स्टिअरिंगचा अक्ष (पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती) जमिनीला जिथे भेटतो आणि टायरचा मध्य, यांतलं अंतर तेवढंच बदलतं. पुष्कळ पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत ते अंतर मुद्दाम उलट्या बाजूला ठेवलेलं असतं, म्हणजे अक्ष टायरच्या मध्याच्या बाहेर पडतो. १९७२ च्या ऑडी ८० पासून ही रचना रुळली. ब्रेकची एक तिरपी लाइन (एक पुढचं आणि समोरच्या बाजूचं मागचं चाक जोडणारी) गेली आणि एकाच पुढच्या चाकाने ब्रेक धरला, तरी गाडी फारशी खेचली जाऊ नये यासाठी ती असते. जाड स्पेसर ते उलटं अंतर सुलटं करून टाकतो. रोज चालवताना तुम्हाला फक्त खड्ड्यात स्टिअरिंगचा हिसका जास्त लागेल. खरी परीक्षा ब्रेकची लाइन जाईल त्या दिवशी.

बेअरिंगचं म्हणाल तर लोक सांगतात तितकं ते लगेच मरत नाही. चाकावर ३०० किलो आणि २५ मिमीचा स्पेसर, म्हणजे साडेसात किलो-मीटरचा जादा पीळ. नवं बेअरिंग सोसतं. पंचवीस वर्षांचं, आधीच थोडं खेळणारं बेअरिंग तक्रार करतं. स्पेसर लावण्याआधी चाक वर-खाली धरून हलवून बघा. खेळ असेल तर आधी बेअरिंग.

स्टेपनी राहिलीच. तुमची स्टेपनी अजून मूळ पत्र्याच्या चाकाची असेल. ती ५ मिमीच्या स्पेसरवर लावायची वेळ आली तर चाकाची टेकणारी जागा स्पेसरवर पूर्ण येते का, ते आत्ताच, दिवसाउजेडी लावून बघा. पत्र्याचं चाक सगळीकडून टेकत नाही, उठावाच्या थोड्या जागांवरच टेकतं, आणि लहान व्यासाचा स्पेसर नेमका त्या जागा सोडून बसतो. टेकत नसेल तर स्टेपनी लावताना स्पेसर काढून ठेवायचा. मूळ चाकाचे नट एका पिशवीत घालून स्टेपनीच्या खळग्यात टाकून द्या, वर एक चिठ्ठी: ‘आधी स्पेसर काढ’. गाडी त्या दिवशी कोण चालवत असेल, सांगता येत नाही.